घड्याळाचा कारखाना आणि त्याच्या भोवतालची घरे

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आम्हां विद्यार्थ्यांच्या मनावर एक गोष्ट कायमची बिंबविली होती. इतिहासाची साधने केवळ तहनाम्यांत आणि शिलालेखांत शोधू नयेत. जमिनीचे खरेदीखत, कारखान्याचा हजेरीपट आणि घरभाड्याची पावती हीही इतिहासाची साधनेच होत, किंबहुना सामान्य मनुष्याच्या बाबतीत बहुधा तेवढीच साधने शिल्लक उरतात. त्यांची ती शिकवण शिरोधार्य मानून मी आज एका घड्याळाच्या कारखान्याची हकीकत आपणांपुढे मांडणार आहे. कारखाना आपल्या मुलखातला नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टन शहराच्या पश्चिमेस सुमारे दहा मैलांवर, चार्ल्स नदीच्या काठी वॉल्थम नावाचे गाव आहे. तेथला हा कारखाना. एवढ्या दूरच्या गावाची उठाठेव आपण कशासाठी करावी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे, की घड्याळ हे कारागिराच्या घरातून उठून कारखान्याच्या छपराखाली यशस्वीपणे कोठे गेले असेल तर ते प्रथम येथे; आणि ज्या दिवशी ते घरातून उठले, त्याच दिवशी कारागिराच्या घराचे काय करावयाचे हा प्रश्न कारखानदाराच्या दारात येऊन उभा राहिला. या दोन घटनांना मी एकच घटना समजतो.

कारखान्याआधी घड्याळ कसे होत असे, हे प्रथम पाहिले पाहिजे. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतात ला शो-द-फाँ नावाचे नगर आहे. १७९४ साली ते आगीत जळाले, आणि पुढे जे वसले ते समांतर रस्त्यांच्या ओळींनी, प्रत्येक घराला पुरेसा सूर्यप्रकाश मिळेल अशा बेताने वसले. हा बेत सौंदर्यदृष्टीने केलेला होता काय? अंशतः असेलही. पण त्या नगरातील घराघरांत खिडकीपाशी घड्याळजीचे बाक मांडलेले असे, आणि खिडकीतून येणारा उजेड हे त्याचे पहिले हत्यार होते. एका घरात चक्रे कापली जात, दुसऱ्यात माणके बसविली जात, तिसऱ्यात तबकडीवर मिना चढे. व्यापारी हे सुटे भाग घरोघर वाटी, घरोघरून गोळा करी आणि शेवटी जुळणी करवून त्यावर आपले नाव घाली. कार्ल मार्क्सने आपल्या भांडवलविषयक ग्रंथात श्रमविभागणीचे उदाहरण म्हणून घड्याळाचाच धंदा घेतला आणि हे संबंध नगर म्हणजेच एक प्रचंड कारखाना मानता येईल असे म्हटले. तेथे घर आणि कारखाना यांत भिंत नव्हती; कामाची वेळ आणि जेवणाची वेळ एकाच छपराखाली जात असे, आणि घरभाडे हा वेगळा प्रश्न म्हणून कोणाला छळीत नसे.

आता वॉल्थमकडे येऊ. तेथील कथेचा नायक आरन लफ्किन डेनिसन हा चांभाराचा मुलगा, १८१२ साली मेन प्रांतात जन्मलेला. बोस्टनमध्ये घड्याळदुरुस्तीचा धंदा करीत असता, एकाच कारागिराने बनविलेल्या दोन घड्याळांतले दोन भागदेखील एकमेकांच्या जागी बसत नाहीत, ही गोष्ट त्याला सतत खटकत असे. इकडे स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात बंदुकांचे भाग यंत्रांनी एकसारखे बनू लागले होते. एका बंदुकीचा चाप दुसरीला चालत होता. बंदुकीला जे साधते ते घड्याळाला का साधू नये? प्रश्न सरळ होता. उत्तराला मात्र आयुष्य खर्ची पडले. भिंतीवरची घड्याळे करणारा एडवर्ड हॉवर्ड त्याला भागीदार मिळाला आणि १८५० साली बोस्टनलगतच्या रॉक्सबरी येथे त्यांनी कारखाना घातला.

रॉक्सबरीत काय बिघडले? भांडवल तोकडे होते, यंत्रे अपुरी होती, हे सर्व खरे. परंतु जागा बदलण्याचे जे कारण पुढे आले ते ऐकून आपणांस नवल वाटेल. ते कारण धूळ हे होते. रॉक्सबरीची माती हलकी. उन्हाळ्यात रस्त्यावरून गाडी गेली की धुरळा उठे आणि उघड्या खिडक्यांतून आत येई. खिडक्या बंद कराव्या तर उजेड आणि वारा जातो, उघडाव्या तर धूळ येते. घड्याळाच्या चुळीवर बसलेला धुळीचा कण म्हणजे डोळ्यात गेलेले कुसळच. आकाराने नगण्य, पण संबंध शरीराला बेजार करणारे. कापडाच्या गिरणीला धूळ चालते, लोखंडाच्या ओतशाळेला धूळ चालते. घड्याळाला ती चालत नाही. तेव्हा गाव सोडणे भाग होते. कुरणाची जमीन, नदीचा काठ, रहदारीपासून दूरची हवा असे स्थळ डेनिसनने शोधले, ते वॉल्थमला नदीच्या दक्षिण तीरी. हा तीर मुळी वॉल्थमचाही नव्हता. पाच वर्षांपूर्वीच, १८४९ साली, तो शेजारच्या न्यूटन गावातून काढून वॉल्थमला जोडला होता. १८५४ साली कारखाना तेथे गेला.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे मी आपले लक्ष वेधतो. कारखाना गेला, पण तो एकटा गेला नाही. त्याच्याबरोबर एक जमीन-कंपनी स्थापन झाली. तिचे नाव वॉल्थम इम्प्रूव्हमेंट कंपनी. तिने नदीकाठची शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली, त्यातल्या एका तुकड्यावर कारखाना उभा राहिला, आणि उरलेल्या जमिनीत रस्ते आखून घरांसाठी प्लॉट पाडण्यात आले. बेत असा, की कारखाना चालला म्हणजे माणसे येतील, माणसे आली म्हणजे जमिनीचा भाव चढेल, आणि चढलेल्या भावातून भागीदारांना मोबदला मिळेल. यात धर्मादाय काही नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. कारण कामगारवस्तीचा इतिहास लिहिताना मालकाच्या अंतःकरणाची कोमलता वर्णन करण्याचा मोह आपल्या लेखकांना फार होतो. येथे अंतःकरणाचा संबंध नव्हता. येथे खातेवही होती. पण खातेवहीतून निघालेला निर्णय कधीकधी अंतःकरणातून निघालेल्या निर्णयापेक्षा अधिक टिकाऊ ठरतो, याचेही हे उदाहरण आहे.

याच वॉल्थममध्ये नदीच्या दुसऱ्या अंगाला, घड्याळाच्या कारखान्याच्या चाळीस वर्षे आधी, फ्रान्सिस कॅबट लोवेल आणि त्याच्या सोबत्यांनी १८१३ साली बोस्टन मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढून सूत कातण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सर्व कामे एका आवारात चालणारी गिरणी उभारली होती, आणि शेतकऱ्यांच्या घरांतून आलेल्या अविवाहित मुलींसाठी देखरेखीखालील वसतिगृहे बांधली होती. म्हणजे कामगारांच्या निवाऱ्याचा एक नमुना गावात तयारच होता. मग घड्याळवाल्यांनी तोच का उचलला नाही? उचलला, पण अर्धाच. गिरणीचे काम शिकावयास थोडे दिवस पुरतात. आमच्या मुंबईच्या गिरणगावात 'बदली कामगार' नावाचा वर्गच होता. पहाटे फाटकाशी उभे राहावयाचे, जो खाडा करील त्याच्या सांच्यावर जावयाचे. गिरणी बदलीवर चालू शकते. घड्याळाचा कारखाना बदलीवर चालत नाही. ज्या बाईच्या बोटांना केसाएवढी कमान चिमट्यात धरून न वाकविता बसविण्याची सवय झाली, ती बाई गाव सोडून गेली की तिच्या जागी दुसरी तयार होण्यास फार काळ लागतो, आणि तोवर बाकावर तबकड्यांचा ढीग साचतो. घड्याळाचा भाग दुसऱ्या भागाच्या जागी चालावा म्हणून ज्याने सारा खटाटोप केला, त्याला असे दिसून आले की मनुष्य मात्र मनुष्याच्या जागी चालत नाही! (ते भागदेखील पुष्कळ वर्षे तंतोतंत चालत नव्हते, आणि जुळणी करणाऱ्याला कानस घ्यावीच लागे, जाहिरातीत हे अर्थातच लिहीत नसत.)

म्हणून वॉल्थमला दोन्ही प्रकार झाले. एकट्या आलेल्यांसाठी भोजनाची सोय असलेली वसतिगृहे झाली. पण त्यांच्या जोडीला प्लॉट विकत घेऊन स्वतःचे लाकडी घर बांधावे, पुढे चार हात बाग राखावी, वरच्या मजल्यावर एखादा पोटभाडेकरू ठेवून कर्जाचा हप्ता भागवावा, असा कारागीर वस्तीत दिसू लागला. क्रेसेंट स्ट्रीटच्या मागे अॅश, चेरी, चेस्टनट, मेपल अशी झाडांच्या नावांचे आळी-रस्ते पडले, आणि तेथल्याच एका रस्त्याला ज्याचे नाव मिळाले त्या रॉबिन्सची हकीकत आता सांगितलीच पाहिजे.

डेनिसन हा कल्पक, पण हिशेबाला कच्चा. १८५७ सालच्या वसंतात कंपनीचे दिवाळे निघाले. तोवर जेमतेम पाच हजारांच्या घरात घड्याळे झाली होती. मे महिन्यात लिलाव पुकारण्यात आला, आणि न्यूयॉर्कचा घड्याळांचा आयात-व्यापारी रॉयल रॉबिन्स याने सारा कारखाना ५६,५०० डॉलरांना घेतला. आयात-व्यापारी! ज्याचे पोट परदेशी घड्याळांवर, त्यानेच देशी कारखाना विकत घ्यावा, यात दैवाचा काही विनोद असावा. त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेत सावकारी पेढ्या कोसळल्या. अशा वेळी हा मनुष्य कारखाना मोडून यंत्रे भंगारात का विकीत नाही? याचे एक कारण मला जमिनीत दिसते. कारखाना बंद पडला असता तर इम्प्रूव्हमेंट कंपनीचे प्लॉट पुन्हा कुरण झाले असते. त्या भागीदारांचे हित आणि कारखान्याचे हित एका दोरीने बांधलेले होते. १८५९ साली या दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि अमेरिकन वॉच कंपनी जन्मास आली. घरांची जमीन हीच घड्याळांची जामीन ठरली, असे म्हटले तर ते फारसे चूक होणार नाही.

पुढे यादवी युद्ध आले. प्रारंभी वाटले, की आता घड्याळ कोण घेणार? पण छावणीत बसलेल्या, घरची आठवण काढणाऱ्या, पगार खिशात असलेल्या शिपायाला वेळ पाहण्याची गरज नागरिकाहून अधिक असते. कंपनीने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या विल्यम एलरी याचे नाव देऊन एक स्वस्त, दणकट घड्याळ काढले आणि ते शिपायांनी अक्षरशः उचलले. अध्यक्ष लिंकन यांच्यापाशीही वॉल्थमचे एलरी होते. ते आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एलरी घड्याळाचे मागचे झाकण उघडले म्हणजे पितळी पट्टीवर कोरलेला अनुक्रमांक दिसतो. आणि त्या अनुक्रमांकावरून ते घड्याळ सुमारे कोणत्या वर्षी घडले, हे आजही सांगता येते. घड्याळाची अशी नोंद सापडते. ती पट्टी घासणाऱ्या हाताची मात्र सापडत नाही. डेनिसनचेही तसेच झाले. ज्या कारखान्याची कल्पना त्याची, त्याच कारखान्यातून त्याला युद्धाच्या आरंभीच निरोप मिळाला. पुढे तो इंग्लंडात बर्मिंगहॅमला जाऊन घड्याळांची बाह्य आवरणे करू लागला आणि १८९५ साली तेथेच वारला.

कारागिरांचे मोल काय होते याचा सर्वांत बोलका पुरावा वॉल्थमने नव्हे, तर प्रतिस्पर्ध्याने ठेवला आहे. १८६४ साली शिकागोच्या बाजूला एल्जिन येथे दुसरी घड्याळ-कंपनी निघाली, आणि तिने वॉल्थमचे सात निवडक कारागीर फोडले. त्यांना काय दिले? मोठा पगार दिला, वर रोख पाच हजार डॉलर दिले, आणि प्रत्येकी एक एकर जमीन दिली. पगार तर कोणीही देईल; जमीन मात्र अशाला देतात, ज्याने पुन्हा उठून जाऊ नये असे वाटते.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात वॉल्थमने आपली यंत्रे चालवून दाखविली. त्यात एक यंत्र असे होते, की तारेचा तुकडा आत घालावा आणि घड्याळाचे सूक्ष्म स्क्रू माणसाच्या हाताविना बाहेर पडावेत. स्वित्झर्लंडचे परीक्षक एदुआर फाव्र-पेरे तेथे होते. त्यांनी वॉल्थमचे एक घड्याळ पारखून घेतले आणि मायदेशी परतल्यावर आपल्या बांधवांना स्पष्ट बजावले, की झोपेतून उठा, नाहीतर बाजार गेला. बाजार जातच होता. अमेरिकेला जाणारा स्विस माल १८७२ साली एक कोटी त्र्याऐंशी लाख फ्रँकांचा होता, तो १८७६ साली अठ्ठेचाळीस लाखांवर आला होता. लाँजीन कंपनीचा इंजिनियर जाक दाविद हाही त्याच वर्षी अमेरिका पाहून आला आणि त्याने सविस्तर अहवाल लिहिला. ज्या जुरा पर्वतात घर हाच कारखाना होता, तेथेही घरातली बाके हळूहळू उठून कारखान्यांत जाऊ लागली, त्याला या प्रदर्शनाने गती दिली.

या भरभराटीच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारती आपण पाहाव्या अशा आहेत. नदीला समांतर, लांबच लांब, पण रुंदीला अगदी बेताच्या. मधूनमधून चौक सोडलेले. आणि भिंतींत विटांपेक्षा काचाच अधिक आहेत की काय असे वाटावे इतक्या खिडक्या. इमारत रुंद का नाही? कारण मधल्या बाकावर उजेड पोहोचला नसता. म्हणजे पाहा, ला शो-द-फाँच्या घड्याळजीची ती खिडकीच येथे हजारपट होऊन आली! तिच्यापाशी बसणाऱ्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सर्व मिळून कामगार हजारोंच्या संख्येत होते. त्या काळच्या गिरणीतल्या स्त्रीपेक्षा या स्त्रियांची मिळकत बरी होती. पुरुषांहून मात्र ती कमीच होती, आणि देखरेखीच्या जागा बहुतेक पुरुषांकडेच राहिल्या. वस्तीच्या कौतुकात हे कलम गाळू नये.

उतरण कशी झाली, ते थोडक्यात सांगतो, कारण उतरणीच्या कथा सर्वत्र सारख्याच असतात. मनगटी घड्याळाकडे कारखाना उशिरा वळला. १९२३ साली कारभार फ्रेडरिक ड्युमेन नावाच्या गिरणीवाल्याच्या हाती गेला; त्याने मजुरीला कात्री लावली आणि १९२४ साली कामगारांनी मोठा संप केला. दुसऱ्या महायुद्धात कारखाना लष्करी कामाला जुंपला गेला, आणि तेवढ्या अवधीत बाजार पुन्हा स्विसांनी काबीज केला. १९४८ च्या अखेरीस दिवाळे, मग सरकारी कर्ज, मग १९५० साली टाळे, मग पुन्हा धुगधुगी. आणि १९५७ साली वॉल्थमला घड्याळे होणे थांबले. तोवर घड्याळे, वेगमापके, होकायंत्रे इत्यादी मिळून सुमारे चार कोटी उपकरणे या कंपनीने घडविली होती.

मग त्या घरांचे काय झाले? येथे मला आपल्या देशाकडे एकदाच पाहू द्या. बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्याने १९६१ साली घड्याळे काढण्यास प्रारंभ केला. 'जनता' हे नाव आपल्यातल्या अनेकांच्या वडिलांच्या मनगटावर होते, आणि तेथेही जुळणीच्या बाकांवर स्त्रियाच मोठ्या संख्येने बसत. पुढे हिमालयाच्या पायथ्याशी राणीबागेला कारखाना निघाला. त्याच्याबरोबर कामगारांसाठी वसाहतही झाली; पण सरकारी कंपन्यांच्या रिवाजाप्रमाणे ती 'क्वार्टर्स'ची होती. क्वार्टर म्हणजे हुद्द्याला चिकटलेले घर. नोकरी संपली की किल्ली परत. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळ-कंपनी बंद करण्यास मान्यता दिली, तेव्हा कारखान्याचा निकाल आणि वसाहतीचा निकाल एकाच कागदावर लागला. मी क्वार्टर्सची निंदा करीत नाही. अडचणीच्या काळात नोकरदाराला मिळालेले ते पक्के छप्पर होते, आणि ज्यांची मुले तेथे शिकली त्यांना विचारा त्याची किंमत. पण कंपनीच्या ताळेबंदात ते घर मालमत्ता म्हणून होते, आणि मालमत्ता लिलावात जाते.

वॉल्थमला १९५७ साली कंपनीपाशी लिलावात काढण्यासारखी घरे फारशी उरली नव्हती. अॅश आणि चेरी स्ट्रीटवरच्या प्लॉटांची खरेदीखते केव्हाच लोकांच्या कपाटांत गेली होती. आजूबाजूला नवे उद्योग आले, जुन्या घड्याळजींच्या हाताला दुसरी कामे मिळाली, काही घरे विकली गेली, काहींत नवे स्थलांतरित आले; पण रस्ते तेच राहिले. गाव अजूनही स्वतःला घड्याळनगर म्हणवते. एल्जिनची इमारत १९६० च्या दशकात जमीनदोस्त झाली. वॉल्थमची वाचली, आणि १९८९ साली तिची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली. आज तिच्या एका भागात कचेऱ्या आहेत आणि दुसऱ्या भागात सदनिका. कामगाराने घड्याळाच्या बाकापासून वेगळे घर करावे म्हणून ज्या कंपनीबरोबर शंभर एकरांचा खटाटोप झाला, तिच्याच बाकांच्या जागी, त्याच मोठ्या खिडक्यांच्या उजेडात, आता भाडेकरूंची बिऱ्हाडे आहेत. आणि बोस्टनच्या आसपासचे आजचे घरभाडे पाहता चेरी स्ट्रीटवर स्वतःचे घर बांधणाऱ्या त्या जुन्या कारागिराला, तो आज असता तर, आपल्याच कारखान्यात राहणे परवडले असते किंवा कसे, याची मला शंका आहे.